तलावाचा काठ कोणाचा?

वाऱ्याच्या दुपारी समुद्रकाठी उभे राहून पक्षी पाहण्याचे सुख मुंबई-रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांना सहज लाभते. आम्हां भोपाळकरांना समुद्र नाही. तथापि माघात वारा सुटला म्हणजे आमचा मोठा तलाव समुद्राची आठवण करून देण्यास मुळीच मागे राहत नाही. परमार राजा भोज ह्याने 11व्या शतकात कोलांस नदीला बांध घालून तो निर्माण केला, अशी परंपरा आहे. 2011 पासून त्याला भोजताल असे नावही मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र तो मोठा तलावच राहिला. मोठा व छोटा हे दोन्ही तलाव मिळून 2002 साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. एवढा मान मिळालेल्या तलावाचा काठ कसा असावा, ह्याविषयी माझे मत लोकमताहून थोडे निराळे आहे आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

पुष्कळांच्या दृष्टीने उत्तम काठ म्हणजे दगडी भिंत, फरसबंद वाट आणि रात्री दिव्यांची रोषणाई. चिखल दिसला की तो उपेक्षेचे लक्षण समजला जातो. परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने तलाव म्हणजे मुख्यतः तो चिखलच होय. पाण्याच्या मधोमध फार थोड्यांचे पोट भरते. शेकाट्याचे तांबडे पाय कितीही लांब असले तरी वीतभर पाण्यापलीकडे त्याचा निभाव लागत नाही. तुतवार तर केवळ ओलसर गाळावर चोच मारीत धावणारा. थापट्या आणि तलवार बदक उथळ पाणी गाळून अन्न मिळवतात. लालसरी बुडी मारते खरी, पण तीही पाणवनस्पती जेथे रुजतात त्या बेताच्या खोलीवर. ह्याप्रमाणे चिखलापासून कमरेएवढ्या पाण्यापर्यंतच्या उतारावर प्रत्येकाचे पान वेगळे मांडलेले असते. भिंत बांधली की तो उतारच नाहीसा होतो. एका पावलावर जमीन, दुसऱ्या पावलावर खोल पाणी. मग पंगत बसावी कोठे?

हा भेद वाऱ्याच्या दिवशी जितका स्पष्ट दिसतो तितका एरवी दिसत नाही. गेल्या जानेवारीत अशाच एका दुपारी आम्ही काही विद्यार्थी दोन्ही प्रकारचे काठ पाहून आलो. शहराकडील भिंतीवर लाटा आपटून माघारी फिरत होत्या आणि नव्या लाटांशी झुंजत होत्या. त्या खळबळीत एक पाणकावळा तेवढा दिसला. पश्चिमेकडे, जेथे गावांची शेते तलावाला भिडतात, तेथे मात्र तोच वारा असूनही लाटा उतारावर येऊन विरत होत्या आणि किडे, बिया, शेवाळ काठाशी आणून टाकीत होत्या. तो फराळ टिपण्याकरिता धोब्यांची एकच धावपळ चालली होती. टिटव्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या होत्या; पाठ फिरवली तर पिसे उलटी होतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. लव्हाळ्याच्या आडोशाला वारकऱ्यांचा थवा होता. काळा देह आणि कपाळी पांढरा टिळा! ज्याने हे नाव ठेवले त्याच्या रसिकतेला नमस्कार. थोड्या अंतरावर चक्रवाकांची एक जोडी गाळावर बसली होती. लडाख-तिबेटच्या पठाराकडून येणारा हा पक्षी हिमालय ओलांडतो. त्याला आपण विश्रांतीस वीतभर ओली जमीनही ठेवू नये काय?

भोपाळकरांचे तलावावर प्रेम नाही, असे कोणी म्हणणार नाही. 2009 च्या उन्हाळ्यात तलाव भयंकर आटला, तेव्हा नागरिकांनी श्रमदानाने गाळ उपसला. ते आवश्यकच होते, कारण शहराच्या मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी येथूनच येते. माझे म्हणणे एवढेच की, तलावाच्या पोटात साचलेला गाळ आणि काठावरचा चिखल ह्यांना एकच शत्रू मानू नये. नागरिकांना सायंकाळी फिरावयास जागा हवी, हेही मान्य. ती शहराच्या बाजूला पुष्कळ झाली आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. वनविहाराचा दक्षिण काठ आणि पश्चिमेचा उतार ह्यांना मात्र भिंतीचा व दिव्यांचा स्पर्श होऊ नये. तेथील शेतांतून खते पाण्यात उतरतात हा दोष खराच, आणि त्याचा बंदोबस्त झाला पाहिजे. पण सारसासारखा पुरुषभर उंचीचा पक्षी त्याच शेतांच्या आधाराने राहतो हेही विसरून चालणार नाही.

नुसत्या मताने अधिकाऱ्यांचे समाधान होत नाही. त्यांना आकडे हवेत. महाराष्ट्र शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरविला आहे. आरंभी मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिन आणि अखेरीस सलीम अली ह्यांचा. तो आपल्या शाळेनेही पाळावा. प्रत्येक वर्गाने एक दुपार भिंतीच्या काठावर आणि एक दुपार उताराच्या काठावर घालवून पक्षी मोजावेत, आणि ती वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. पाच वर्षांची वही झाली की ती महापालिकेपुढे ठेवता येईल. दुर्बीण एकच असली तरी भागेल. टिटवी, धोबी आणि शेकाट्या ओळखण्यास ती लागतही नाही.