द्राक्षमद्याच्या रहस्यकथा आणि कास्तकार

कादंबरीवाचन म्हणजे कालहरण, व त्यातही रहस्यकादंबरी म्हणजे कालहरणाची परिसीमा, असे मानणारे पुष्कळ आहेत. शिवाय ती कादंबरी द्राक्षमद्याच्या, म्हणजे वाईनच्या, धंद्याभोवती रचलेली असेल तर कास्तकारांच्या मासिकात तिचे नावही नको, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे व ते सकारण मांडीत आहोत.

या जातीच्या कथांत रक्तपाताची वर्णने सहसा नसतात. इंग्लंडातील लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी 1930 साली खेड्यातील मिस मार्पल या वृद्धेस कादंबरीत आणले, तेव्हापासून हे वळण दृढ झाले. येथे छडा लावणारा पोलीस अंमलदार नसतो, तर शेजारपाजारची माणसे ओळखून असणारे एखादे सामान्य माणूस असते. अमेरिकेतील एलेन क्रॉस्बी यांची 2006 सालची ‘द मर्लो मर्डर्स’ ही कादंबरी पाहावी. व्हर्जिनिया प्रांतातील एका घराण्याचा द्राक्षमळा, बापाचा संशयास्पद मृत्यू, मळा विकू पाहणारा भाऊ व तो राखू पाहणारी बहीण, असे तिचे कथानक आहे. हे वाचून आपल्याकडील कोणत्या कास्तकारास भाऊबंदकी आठवणार नाही?

परंतु कादंबरीहूनही बोधप्रद अशी एक खरी हकिकत आहे. 2008 सालच्या एप्रिलात न्यूयॉर्क येथे जुन्या वाईनचा लिलाव मांडला होता. त्यात फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील पोन्सो घराण्याच्या नावाच्या, ‘क्लो सें-दनी’ या मळ्याच्या, 1945 सालापासूनच्या बाटल्या होत्या. त्या घराण्याचे लॉराँ पोन्सो यांच्या कानी हे गेले. त्यांच्या घराण्याने त्या मळ्याची वाईन करावयास आरंभ केला तो 1982 साली! मग 1945 ची बाटली आली कोठून? ते स्वतः न्यूयॉर्कास गेले, तो माल लिलावातून काढावयास लावला व पुढे शोध चालूच ठेवला. अखेर 2012 साली रूडी कुर्नियावान या विक्रेत्यास अटक झाली. त्याच्या घरी रिकाम्या बाटल्या, बुचे व बनावट चिठ्ठ्यांचा साठा सापडला. 2013 साली तो दोषी ठरला व 2014 साली त्यास 10 वर्षांची शिक्षा झाली.

मोठमोठे पारखी जिभेने फसले. परंतु आपल्या मळ्यात कोणत्या साली काय केले हे ज्यास ठाऊक होते, तो कास्तकार फसला नाही. महसूल दप्तरात आमचे आयुष्य गेले, म्हणून आम्हांस याचे विशेष महत्त्व वाटते. गाव नमुना 6 मधील फेरफार व नमुना 12 मधील पीकपेरा यांस आपण रुक्ष कागद समजतो. पण उद्या वाद उभा राहिला म्हणजे तेच साक्षीदार होतात.

आपल्या बुलढाणे जिल्ह्यात द्राक्षापेक्षा कापूस व सोयाबीन अधिक. येथे खोटी चिठ्ठी बाटलीवर नसते, बियाण्याच्या पिशवीवर असते. धनिकाची बाटली खोटी निघाली तर त्याचा पैसा जातो. कास्तकाराचे बी खोटे निघाले तर सबंध हंगाम जातो व कर्ज मात्र राहते. म्हणून पावती, पिशवी, तिजवरील लॉट क्रमांकाची खूणचिठ्ठी व मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर विलंब न लावता कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी व पंचनामा करवून घ्यावा. पुराव्यावाचून केलेली ओरड वाऱ्यावर जाते.

मद्यपानाचा पुरस्कार आम्ही करीत नाही. कथा वाचावयास पेला हाती धरावा लागत नाही. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या व त्यांचा झुंजार घरोघर पोचला. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले व नाशिककडे वाईनचा धंदा वाढला. आता एखाद्या मराठी लेखकाने तेथील मळा किंवा आपल्याकडील बियाण्याचे दुकान घेऊन अशी कादंबरी लिहावी. तिचा नायक सातबारा वाचता येणारा कास्तकार असावा. अशी कादंबरी निघाल्यास गावोगावच्या वाचनालयांनी ती अवश्य घ्यावी, अशी आमची शिफारस आहे.