सैन्याच्या पैशाला प्रश्न विचारणारे एकतीस जण

फेब्रुवारी २०२० मधली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती आणि सतरंज्या गुंडाळायचे काम चालू होते. आमच्या वस्तीतल्या एका माउलीने वर्तमानपत्राचे पान आमच्यापुढे धरले. तिचा मुलगा सैन्यात आहे. बातमी सियाचीनची होती. ‘‘भाऊ, पोरांना बर्फात जुने बूट का घालावे लागतात? सरकार म्हणतं लाखो कोटी देतो. मग ते तपासतं कोण?’’ आम्ही तेव्हा घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते हे आम्हाला त्याच रात्री कळले होते. म्हणून आज, उशिरा का होईना, नीट सांगतो.

ती बातमी महालेखापरीक्षकांच्या अहवालाची होती. उंच बर्फाळ भागातल्या जवानांना नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात खास बूट मिळालेच नाहीत, जुनेच पुन्हा वापरावे लागले, असे त्यात होते. बर्फातल्या गॉगलचा तुटवडा होता. शिधा बदलून देताना किमतीला किंमत लावली गेली, त्यामुळे माल कमी मिळाला आणि अन्नातले उष्मांक काही बाबतीत ८२ टक्क्यांपर्यंत घटले. लेहमधल्या एका ठिकाणी तर खास शिधा कागदावर वाटला गेला, जवानांच्या हाती पडलाच नाही. आम्ही आयुष्यभर कारकुनी केली. रजिस्टरमध्ये सही असते आणि गोणी नसते, हा प्रकार काय असतो ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. पुढे संसदेच्या लोकलेखा समितीने तो विषय हाती घेतला. पण ही तपासणी झाली ती पैसा खर्च झाल्यावर. माउलीचा प्रश्न त्याच्या आधीचा होता.

खर्च होण्याआधी काय होते ते पाहू. १ फेब्रुवारीला अंदाजपत्रक मांडले जाते. २०२५-२६ साली संरक्षण खात्यासाठी ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले होते. आम्ही कागदावर भागून पाहिले, दिवसाला सुमारे १,८६६ कोटी पडतात. त्यातले १,६०,७९५ कोटी निव्वळ पेन्शनचे. आमच्या गल्लीतल्या निवृत्त हवालदाराच्या घरी महिन्याला जे येते ते याच खात्यातून. अंदाजपत्रक मांडल्यावर सभागृहांना काही आठवडे सुट्टी असते. त्या सुट्टीत संरक्षणविषयक स्थायी समिती बसते. १९९३ साली अशा समित्या नेमल्या गेल्या. आता तीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, हे महत्त्वाचे. बंद दाराआड संरक्षण सचिव आणि तिन्ही दलांचे मोठे अधिकारी तिच्यापुढे येतात, आणि निवडून आलेली माणसे त्यांना विचारतात : गेल्या वर्षी दिले त्याचे काय केले? यंदा एवढे का मागता? मागितले त्यापेक्षा कमी मिळाले तर काय थांबेल?

मार्च २०१८ चा अहवाल आम्ही मुद्दाम मिळवून वाचला. समितीचे अध्यक्ष तेव्हा भुवनचंद्र खंडुरी, सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि स्वतः निवृत्त मेजर जनरल. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितले की आमची ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि आधीच ठरलेल्या खरेदीचे देणेच २९,०३३ कोटींचे. ज्याचा पगार दहा हजार आणि वाण्याची उधारी साडेतेरा हजार, तो घरात नवी वस्तू काय आणणार? हे सगळे छापले गेले, लोकांना कळले, ते समितीमुळे. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष बदलले. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

आता खरी मेख. या समितीला एक रुपयाही कमी करता येत नाही. नियमातच लिहिले आहे की तिच्या अहवालात कपात सूचनेसारखे काही असता कामा नये. ती फक्त शिफारस करते. कपातीचा हक्क लोकसभेचा. संविधानाच्या ११३ व्या कलमाप्रमाणे लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करून देऊ शकते. हक्क मोठा आहे, पण तो बजावायला चर्चा तर व्हायला हवी! १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर केल्या. संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात. समितीने मेहनतीने काढलेला तो अहवाल नुकताच आलेला होता. २०२३ सालीही तसेच झाले. गोंधळ विरोधकांनी घातला की सरकारला घाई होती, या वादात आम्ही पडत नाही. दोन्ही बाकांवर पगार मिळतो.

अमेरिकेत रीत वेगळी आहे. तिथे दोन्ही सभागृहांच्या खर्च समितीची संरक्षणासाठी स्वतंत्र उपसमिती असते आणि खर्चाचे विधेयक तीच लिहिते. अमुक विमाने कमी, तमुक जहाज जास्त, हे आकडे तिच्या हातात. अनेक सुनावण्या उघड्या असतात. पण तिथेही गोम आहे. आपल्या मतदारसंघातला कारखाना बंद पडू नये म्हणून सैन्याने न मागितलेल्या वस्तूही खासदार कधी कधी त्यांच्या गळ्यात घालतात. तेव्हा नुसता अधिकार वाढवला म्हणजे सगळे साधले, असेही नाही.

आपल्या लोकांना हा विषय परका वाटू नये. रामजी सुभेदारांचे घर हे सैनिकाचे घर होते. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. आणि तेच बाबासाहेब मंत्रिमंडळातून राजीनामा दिल्यावर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात म्हणतात की वर्षाच्या ३५० कोटी महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात. म्हणजे निम्म्याहून जास्त. (तो आकडा महसुलाच्या प्रमाणात होता, आजचे आकडे एकूण खर्चाच्या प्रमाणात सांगतात, त्यामुळे सरळ तुलना कोणी करू नये.) सैन्य नको असे त्यांनी म्हटले नाही. परराष्ट्र धोरणाने आपल्याला मित्र ठेवले नाहीत, म्हणून सगळा भार एकट्याने उचलावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते निवेदन त्यांना सभागृहात वाचता आले नाही. प्रत आधी द्या असा आग्रह धरला गेला, तेव्हा ते बाहेर पडले आणि कागद वर्तमानपत्रांच्या हाती दिला.

त्या माउलीला आम्ही आता पुढची गोष्ट दाखवली आहे, ती सर्वांना उपयोगी पडेल. समितीच्या अहवालाच्या पहिल्या पानांवर सदस्यांची नावे असतात. त्यात आपल्या भागाचा खासदार आहे का ते पाहावे. असेल तर तो आपल्या वस्तीत मते मागायला येतो तेव्हा हा विषय काढावा. शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचे असते आणि त्या उत्तरांवर समिती दुसरा अहवाल काढते. तो हिंदीतही निघतो. दुसऱ्या प्रकरणात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने पुढे न रेटलेल्या. या दोन्हींत फार वेळ घालवू नये. सरकारचे उत्तर समितीला पटले नाही अशा सगळ्या शिफारशी चौथ्या प्रकरणात असतात. पुस्तक हाती आले की आधी तेच उघडावे.