गोळी बदलली, तपासणी कुठे?

रक्त पातळ करणारी गोळी इतर गोळ्यांसारखी नाही. मात्रा कमी पडली तर कृत्रिम झडपेवर गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. मात्रा जास्त झाली तर लघवीतून, आतड्यातून, प्रसंगी मेंदूतही रक्तस्राव होतो. म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल घेणाऱ्याला आयएनआर ही रक्ततपासणी गोळी चालू असेपर्यंत करत राहावी लागते. बहुतेकांत हा आकडा 2 ते 3 दरम्यान, तर धातूची मायट्रल झडप बसवलेल्यांत 2.5 ते 3.5 दरम्यान राखायचा असतो. अशी गोळी केवळ स्वस्त पडते किंवा साठ्यात तीच आहे म्हणून डॉक्टरला न विचारता आणि नंतर तपासणी न करता बदलणे ही काटकसर नव्हे, रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात वैजापूर, कन्नड, सिल्लोडपासून शेजारच्या जिल्ह्यांपर्यंतचे रुग्ण येतात. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप निकामी झालेली माणसे त्यांत असतात, आणि ती बहुतेक गरीब घरांतली. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होते. त्यानंतरची गोळी मात्र जन्माची. ‘एक दिवस पूर्ण, एक दिवस अर्धी’ असा हिशेब वहीत लिहून ठेवायचा, मेथी-पालक एकदम वाढवायचे नाहीत की एकदम सोडायचे नाहीत, ही शिस्त ही माणसे पाळतात. मग एके दिवशी औषधाच्या खिडकीवर गोळी नसते आणि हातात बाहेरची चिठ्ठी पडते. दुकानात ‘तेच आहे, स्वस्त आहे’ म्हणून दुसरे पाकीट मिळते. 4 मिलिग्रॅम वॉरफरिन घेणाऱ्याला 4 मिलिग्रॅम ॲसिनोकूमारॉल दिले, तर पाकिटावरचा आकडा तोच राहतो आणि परिणाम जवळपास दुप्पट होतो. वर्षभर जपलेली वही एका पाकिटाने निरुपयोगी होते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. औषधे नियम, 1945 मधील नियम 65 (11-अ) नुसार शेड्यूल एच मधील औषधाच्या चिठ्ठीवर दुकानदाराला दुसरे औषध देता येत नाही, घटक तोच असला तरीही नाही. हा नियम रोज मोडला जातो आणि त्याकडे कोणी बघत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावेच लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. जेनेरिक औषध वाईट नाही. गरिबाला तेच परवडते आणि दर्जा राखला तर तेच योग्य आहे. पण दर्जाची हमी कोण देणार? पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांची जैवसमतुल्यता चाचणी नव्या परवान्यांसाठी सक्तीची झाली ती एप्रिल 2017 मध्ये. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला बनावट ॲझिथ्रोमायसिन पुरवले गेल्याचे 2024 च्या डिसेंबरमध्ये उघड झाले. प्रतिजैविकाच्या नावाने भलतेच काही येऊ शकते, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीबाबत निर्धास्त कसे राहायचे?

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनेही जानेवारी 2022 मध्ये खर्चाचा विचार करून एडॉक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या पिढीच्या गोळीला पहिली पसंती दिली. तिथेही वाद झाला. पण हे औषध देताना मूत्रपिंडाचे काम आणि वजन पाहून मात्रा ठरते, आणि धातूची झडप असलेल्यांना ते द्यायचे नसते. इथे उलटा मोह आहे. पेटंट संपल्यावर रिव्हरॉक्साबॅन आणि अपिक्साबॅन स्वस्त झाले, त्यांना आयएनआर लागत नाही, मग तपासणीचा खर्चही वाचेल, हा हिशेब सोपा वाटतो. पण धातूच्या झडपेच्या रुग्णांत अशाच नव्या पिढीच्या डॅबिगाट्रानचा प्रयोग 2012 मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्याने थांबवावा लागला. ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या रुग्णांवरील 2022 च्या इनव्हिक्टस अभ्यासात रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्याच गोळीवर मृत्यू कमी झाले. भारतातील रुग्णही त्यात होते.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयाबाहेर राहिले. शस्त्रक्रियेवर लाखभर खर्च करणाऱ्या शासनाने गोळीवर आणि तपासणीवर हात आखडावा, हे अक्षम्य आहे. या रुग्णांसाठी एकाच औषधाचा, एकाच कंपनीचा साठा वर्षभर राखून ठेवणे शासनाला अवघड नाही. बदल अटळच असेल तर तो डॉक्टरच्या सहीने व्हावा आणि आठवड्याभरात आयएनआर मोफत व्हावा. अन्न व औषध प्रशासनाने घाटीच्या दारातल्या दुकानांपासून तपासणी सुरू करावी. तोवर रुग्णाने नव्या पाकिटावरचे नाव आणि मिलिग्रॅम वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावे, आणि जुळले नाही तर त्याच दिवशी, गोळी घेण्याआधी, डॉक्टरला विचारावे.