सर्टिफिकेट मिळालं, गणिताचं काय?

इंजिनिअरिंगच्या पोरांचे फायनल इयर प्रोजेक्ट बघायला गेलं की हल्ली एक प्रोजेक्ट हमखास भेटतो: 'ब्लॉकचेनवर मार्कशीट'. मी एकच विचारतो, यात नोंदी कोण करणार? "सर, कॉलेजच." मग ब्लॉकचेन कशाला रे बाबा? साधा डेटाबेस आणि डिजिटल सही, झालं काम! एकमेकांवर भरवसा नसलेल्या लोकांना मिळून एकच वही लिहायची असेल, तर ब्लॉकचेनचा विचार करा.

दोष पोरांचा नाहीये. दोन दिवसांचं वर्कशॉप, शेवटी ग्रुप फोटो, आणि याला 'इंडस्ट्री रेडी' म्हणणारी कॉलेजं!

बरं, यातलं मूळ काही कालपरवाचं नाही. कागदपत्रं हॅशने एकमेकांत गुंफायची कल्पना हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये मांडली. बिटकॉइनचा पेपर आला २००८ मध्ये. न्यूरल नेटवर्कचं बॅकप्रोपगेशन गाजलं १९८६ च्या पेपरने, आणि त्याच्या मुळाशी आहे चेन रूल. म्हणजे बारावीचं कॅल्क्युलस! पण आपल्याकडे एम-थ्री सुटला की गंगेत घोडं न्हालं.

स्टार्टअपचं तर विचारूच नका. दुसऱ्याच्या एपीआयवर एक चॅटची खिडकी चढवली की झाले फाउंडर. त्या एपीआयवाल्याने उद्या तेच फीचर फुकट दिलं तर?

त्यापेक्षा एक सेमिस्टर द्या. लायब्ररी न वापरता बॅकप्रोपगेशन लिहायला लावा. मार्केट यार्डात एखाद्या आडत्याच्या गाळ्यावर आठवडाभर बसवा, त्याचा हिशेब नेमका कुठे अडतो ते लिहून आणू दे. फोटोला प्रमुख पाहुणे मात्र मिळणार नाहीत.