साडीवर बूट

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात एके काळी परदेशी जाऊन आलेली माणसे बोटांवर मोजता येत. असा एखादा परत आला की महिनाभर त्याच्या घरी चहाला माणसांची रीघ लागे. आता तसे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा डब्लिनला आहे, कुणाची मुलगी मेलबर्नला, कुणाचा जावई टेक्सासात. उभ्या आयुष्यात ज्यांनी नागपूर, शेगाव आणि फार तर तिरुपती एवढाच प्रवास केला, ते या मुलांचे आईवडील मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवाच्या मुंजीसाठी किंवा मुलांनी हौसेने पैसे भरलेल्या युरोपच्या सहलीसाठी विमानात बसू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. कापसाच्या चुकाऱ्यातून ज्यांनी फिया भरल्या, त्यांनी मुलांचे घर डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

तयारी दोन महिने चालते. पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या. मग मेतकूट, पापड, हातशेवया, लसणाची चटणी. तेवीस किलोची बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलली जाते आणि त्यातून अर्धा किलो पापड काढायचे की लोणच्याची बरणी, यावर घरात वाद होतो. हे सगळे उरकल्यावर, निघायच्या आठवड्यात, कुणाला तरी आठवते की पायात घालायला काही हवे.

वडिलांचा प्रश्न लवकर सुटतो. यवतमाळला जाऊन पांढरे स्पोर्ट शूज आणले जातात. ते पायात कसे बसतात यापेक्षा कोणत्या कंपनीचे आहेत याचीच चर्चा जास्त. आईची पाळी आली की ती म्हणते, “मले कायले पाहिजेत बूट? माझी चप्पल चांगली आहे.” आणि घरातले सगळे ते लगेच मान्य करतात. सोयीचे असते ना!

परदेशी नेण्याच्या सगळ्या सामानात पायातला जोडा ही एकच वस्तू अशी आहे, की ती चुकली तर तिथे गेल्यावर कुणाला फारसे काही करता येत नाही. चटणी राहिली तर तिच्याशिवाय जेवता येते. चष्मा फुटला तर दुसरा मिळतो. पण चौथ्या दिवशी टाचेला फोड आला, तर उरलेली सहल त्या फोडाची. आणि तिकडे चालावे लागते. इथल्या माणसाला कल्पना येणार नाही इतके. आपल्याकडे बाजारात जायचे तर मुलाच्या गाडीवर मागे बसायचे आणि दुकानाच्या पायरीशी उतरायचे. युरोपातल्या जुन्या शहरांत सहलीची बस कुठे तरी लांब सोडते आणि पुढे आत पायीच जायचे. प्राग काय, रोम काय, जुन्या भागातल्या गल्ल्या दगडी गोट्यांच्या. त्यावर पातळ तळव्याची चप्पल म्हणजे प्रत्येक दगड मोजत चालणे. युंगफ्राउयोख साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंच आहे, आणि तिथल्या बर्फाच्या महालात पायाखालीही बर्फच असतो. मोठे विमानतळ तर सोडूनच द्या. एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना आपले अर्धे घाटंजी पालथे घालून होईल.

परदेश सहलींचे फोटो मी पुष्कळ घरांत बसून पाहिले आहेत. पहिल्या दोन दिवसांच्या फोटोंत आई सगळीकडे असते, पदर सावरून, उन्हात डोळे बारीक करून. तिसऱ्या दिवसापासून ती दिसेनाशी होते. विचारले तर उत्तर येते, “ती खालीच बसली होती बाकावर. म्हणाली, तुम्ही या जाऊन.” मुलाने लाखो रुपये भरून आईला जे जग दाखवायला नेले, त्यातले तिच्या वाट्याला एक बाक आणि समोरून जाणारी कबुतरे आली. ती तक्रार करत नाही. पाय दुखतात असेही सांगत नाही; सांगितले तर मुलांचा हिरमोड होईल. परत आल्यावर शेजारणींना सांगते, फार छान होते. तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते, आणि पुढच्या घरातली आई पुन्हा चपलेवरच निघते.

ती बूट का घालत नाही, हे तिला खोदून विचारले की खरे कारण हळूच बाहेर येते. साडीवर बूट घातले तर लोक हसतील. कोणते लोक? प्रागमधल्या कुणालाही त्याचे काही पडलेले नसते. हसणारे लोक तिच्या मनात इथूनच बरोबर आलेले असतात.

ही भीती तिने स्वतः शोधून काढलेली नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, त्याआधी श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, कलकत्त्याजवळच्या) त्यांनी एक जाहीर भाषण केले. वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. आपण शिकायला परदेशी का जातो ते सांगताना त्यांनी मुंबईतले अनुभवही सांगितले. बूट-मोजे घालून शाळेत निघाल्या की लोक खिडक्यांतून डोकावून पाहत आणि रस्त्यात उभे राहून हसत. या मुलीने फिलाडेल्फियात जाऊन १८८६ साली डॉक्टरची पदवी घेतली. साडी सोडली नाही. आज आपण त्यांचे नाव शाळेच्या भाषणांत घेतो, पण साडीवर बूट घातलेली बाई दिसली की अजूनही आपल्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हलते. पुण्या-मुंबईच्या बागांत सकाळी साडीवर बूट घालून फिरणाऱ्या आजीबाई आता नव्या नाहीत. आमच्याकडे अजून नव्या आहेत.

आमच्याकडे बाईच्या पायाचा विचार मुळात कुणी केला, असा प्रश्न पडतो. बँकेच्या नोकरीत मी खेड्यांतल्या शाखांत पुष्कळ वर्षे काढली. पीककर्जाला येणारे शेतकरी केबिनच्या बाहेर चपला काढून आत येत. कितीही सांगितले तरी काढत. तुटलेल्या बंदाला खिळा नाही तर सेफ्टी पिन लावलेल्या त्या स्लिपरांच्या रांगेकडे पाहून यंदाचा हंगाम कसा गेला ते कळत असे. अर्जातले आकडे नंतर पाहिले तरी चाले. त्या रांगेत बायकांच्या चपला क्वचितच. कर्ज त्यांच्या नावावर नसे. ज्या येत त्या नवऱ्याच्या मागे, वारसाच्या कागदावर अंगठा उठवायला, आणि त्यांतल्या किती तरी जणी अनवाणी येत. तुरीची धसकटे उभी असलेल्या वावरातून ज्या बाईने वीस-तीस वर्षे अनवाणी नाही तर झिजल्या स्लिपरवर कापूस वेचला, तिच्या तळव्याच्या भेगांना कुणी कधी विचारले नाही. आज विमानात बसणाऱ्या आयांमध्ये अशा बायकाही आहेत. साठीला आलेला तो पाय आयुष्यात पहिल्यांदा दुकानात जोड्यासाठी पुढे होतो. तेव्हा तरी त्याला थोडा वेळ द्यावा.

पण दुकानात काय होते पाहा. दोन पावलांचा गालिचा, तिरपा आरसा, आणि समोर स्टुलावर बसलेला अनोळखी मुलगा. त्याच्या हातात पाय देणेच तिला संकोचाचे वाटते. भेगा लपवायच्या असतात, वाकडे झालेले नख लपवायचे असते. जोडा पायात गेला न गेला तोच ती म्हणते, “बरा आहे.” जरा आवळतो म्हणाली तर दुकानदाराचे ठरलेले उत्तर, “काकू, वापरून सैल होईल.” यावर विश्वास ठेवू नये. चामडे थोडे पसरते हे खरे, पण हल्लीच्या स्पोर्ट शूजमध्ये चामडे नावालाच असते. आवळणारा जोडा आधी पायाला सैल करतो, मग स्वतः होतो.

यात दोष तिच्या पायाचा नाही, मापाचाही आहे. आपण जो नंबर सांगतो तो इंग्रजांनी मागे ठेवलेला. एका नंबरात आणि पुढच्या नंबरात लांबीचा फरक इंचाच्या तिसऱ्या भागाएवढा. पाय रुंद किती, हे तो नंबर सांगतच नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या मानाने रुंद आहेत असे दिसले. रुंदीला बसावा म्हणून आपण गरजेपेक्षा लांब जोडा घेतो. त्या पाहणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली, त्याच्या बातम्या २०२४ साली आल्या होत्या. इंग्रज जाऊन इतकी वर्षे झाली, आणि आपला पाय कसा आहे हे मोजायला आपण एकविसाव्या शतकाची विशी उजाडू दिली! इकडे २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा मात्र आपण सगळे एका दिवसात पायताणांचे अभिमानी झालो.

लांब जोड्यात टाच मागे उचलली जाते आणि घासते. फोड येतो तो तिथेच. म्हणून लांबी वाढवून रुंदी भागवू नये, पुढून पसरट असलेला जोडा मागावा. उभे राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी मावेल इतकी जागा हवी (हे लांब बोट पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे असते), आणि बोटे आत हलली पाहिजेत. जोडा हातात घेऊन वाकवून पाहावा. बोटे जिथे वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध मोडत असेल तर परत ठेवावा. दोन्ही पायांत घालून पाहावा, कारण दोन्ही पाय सारखे नसतात, आणि माप मोठ्या पायाचे घ्यावे. दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभर वावरून पाय थोडा सुजलेला असतो, विमानात तो असाच सुजणार असतो. सकाळी मापात बसलेला जोडा संध्याकाळी चावतो. दुकानदाराचा गालिचा सोडून बाहेर फरशीवर दहा-वीस पावले चालून पाहावे. तो कुरकुर करील. करू द्यावी.

मोज्यांबद्दल लिहिताना कापसाच्या जिल्ह्यातला माणूस म्हणून मला जड जाते, पण खूप चालायचे असेल तर निव्वळ सुती मोजे चांगले नाहीत. सूत घाम धरून ठेवते, ओला पाय घासतो आणि फोड येतो. लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे मोजे घ्यावेत आणि जोडा घेताना तेच पायात असावेत. वाकता येत नसेल तर नाडीऐवजी चिकटपट्टीचा जोडा पाहावा. मागून उघडा, नुसता पाय सरकवायचा जोडा सोपा वाटतो, पण उतारावर तो पायात राहत नाही.

ज्यांना साखरेचा आजार जुना आहे त्यांच्या बाबतीत हा विषय हौसेचा राहत नाही. तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर जोडा चावतो तेही कळत नाही. पायात खडा जाऊन दिवसभर राहतो, रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसते. अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावा. रोज जोडा घालण्याआधी आत हात फिरवावा आणि रात्री तळवा दिव्याखाली पाहावा, स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याला पाहायला सांगावे. आईचा तळवा पाहणे हे काम परदेशातल्या मुलाने करायला हरकत नाही. तिने त्याचा पुष्कळदा पाहिलेला आहे.

मुले फोनवर सांगतात, इकडे या, इथे घेऊ. सहा महिने राहायचे असेल तर ते बरोबर आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात एकाच नंबराचे जोडे दोन-तीन रुंदींत मिळतात, ती सोय आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे. पण बारा दिवसांच्या सहलीसाठी नवा कोरा जोडा पहिल्याच दिवशी पायात घालणे म्हणजे परीक्षेच्या सकाळी पुस्तक विकत घेणे. तो निदान सहा आठवडे आधी घ्यावा. आधी घरात, मग अंगणात, मग सकाळी पारव्याच्या नाही तर यवतमाळच्या रस्त्याने रोज थोडे अधिक असे चालावे. साडीवर घालूनच चालावे. पहिल्या आठवड्यात ओट्यावरच्या बाया बघतील, दुसऱ्यात विचारतील, तिसऱ्यात किंमत विचारतील. किमतीचे म्हणाल तर माझ्यातला जुना बँकवाला हिशेब मांडतो. माणशी तीन लाखांच्या सहलीत सहा हजारांचा जोडा म्हणजे शेकडा दोन रुपये. इतक्या थोड्या हप्त्यात एवढ्या रकमेचे संरक्षण देणारा विमा मी नोकरीत पाहिला नाही.

विमानतळावरच्या तपासणीत बूट काढावे लागतील म्हणून काही जणी चप्पल पसंत करतात. अमेरिकेत सरसकट बूट काढायला लावण्याचा नियम २००६ पासून होता, तो २०२५ च्या जुलैमध्ये बंद झाला. इतरत्र अजून कधी कधी सांगतात, पण एक-दोन मिनिटांच्या त्या खटाटोपासाठी बारा दिवस चपलेवर काढू नयेत.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे परक्या मातीबरोबर रोगकिडी येतील म्हणून जोड्याला लागलेल्या मातीचीही तपासणी होते, आणि प्रवाशाने ती आधी सांगावी लागते. पावसाळ्यात पारव्याच्या रस्त्याने चाललेल्या जोड्याच्या खाचांत वऱ्हाडातली काळी माती अशी बसते, की नुसत्या पाण्याने जात नाही. जुना टूथब्रश घेऊन एकेक खाच मोकळी करावी लागते. धुतलेला जोडा उन्हात ठेवू नये, डिंक सुटतो. सावलीत वाळायला दोन दिवस लागतात, तेवढे निघण्याच्या तारखेआधी धरून ठेवावेत.