आमच्या व्हॅनचा खर्च थांब्यांवर मोजा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
व्हॅन बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे सेवा विभाग,
आणि शहरातील शाळांच्या परिवहन समित्या.

विषय: शालेय व्हॅनची देखभाल, सुटे भाग, पासिंग आणि भाडे.

महोदय,

पुण्याच्या सिंहगड रस्ता, धायरी, नऱ्हे आणि आंबेगाव या पट्ट्यात शाळेच्या मुलांची ने-आण करणारे आम्ही व्हॅनमालक. आमच्यातले बहुतेक जण मालकही आहेत आणि चालकही. मुले आम्हाला ‘व्हॅनकाका’ म्हणतात. आमच्या संघटनेच्या सभासदांत दोन ‘व्हॅनमावशी’ही आहेत, आणि त्यांच्या गाड्या आमच्यापेक्षा नीट असतात हे इथेच कबूल करून टाकतो.

दर जूनमध्ये आम्ही भाडेवाढ मागतो आणि दर जूनमध्ये तोच संवाद होतो. पालक विचारतात, “गॅस तर फारसा वाढला नाही, मग भाडं कसलं वाढवता?” आम्ही म्हणतो, “मेंटेनन्स.” ते म्हणतात, “आमची गाडीपण वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते. वर्षातून एक सर्व्हिसिंग, बस्स.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांची गाडी आणि आमची व्हॅन वर्षाला जवळपास सारखेच अंतर कापतात. म्हणून या वेळी भाड्याचा आकडा बाजूला ठेवून आधी हिशेबच मांडतो.

सात आसनांच्या व्हॅनमध्ये चालक सोडून सहा मुले बसतात. घरून आणताना सहा थांबे आणि शाळेचा एक, असे एका फेरीचे सात. सकाळचे आणि दुपारचे सत्र धरले तर नेण्याच्या दोन आणि आणण्याच्या दोन, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या आणि 28 थांबे होतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षात किमान 220 दिवस शाळा सांगितली आहे. 28 गुणिले 220 म्हणजे 6,160. वर्षभरात व्हॅनचे सरकते दार इतक्या वेळा उघडते आणि तितक्याच वेळा बंद होते. बहुतेक वेळा ते बंद करणारा हात दुसरी-तिसरीतल्या मुलाचा असतो, म्हणजे दार आपटतेच. एका दिवसाचे अंतर 45 किलोमीटर धरा. वर्षाचे होतात 9,900. मीटर म्हणतो एक सर्व्हिसिंग. दार, क्लच, ब्रेक आणि सेल्फ यांचे म्हणणे वेगळे आहे.

आमचे सगळे मागणे या एका गोष्टीभोवती आहे. आमची गाडी अंतराने झिजत नाही, थांब्यांनी झिजते. सर्व्हिसिंगचे वेळापत्रक, वॉरंटी आणि भाडे मात्र सगळीकडे किलोमीटरवर ठरते.

आधी दाराचे सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते क्षुल्लक वाटते. सरकते दार वर, मध्ये आणि खाली अशा तीन पट्ट्यांवर चालते, आणि प्रत्येक पट्टीत छोटा रोलर असतो. खालच्या पट्टीत बुटांची माती, चिक्कीचे तुकडे, पेन्सिलीचा कीस आणि पावसाळ्यात चिखल साचतो. रोलर एका बाजूने झिजला की दार किंचित खाली बसते. मग कुलूप लागल्यासारखे वाटते, पण पूर्ण लागलेले नसते. नवले पुलाच्या उताराला गाडी वळते तेव्हा सगळी मुले त्या दारावर कलतात. आम्ही आरशात रस्त्याच्या आधी ते दार बघतो.

आमच्या एका सभासदाचा असा रोलर गेला. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उत्तर मिळाले, “नुसता रोलर नाही मिळणार, पूर्ण असेंब्ली घ्या. चार दिवसांनी येईल.” सभासदाने चार दिवस थांबायचे म्हणजे मुलांच्या घरच्यांनी चार दिवस रिक्षा करायची. तो नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेला, जुना रोलर दाखवला आणि एका लेथवाल्याकडून नायलॉनचा तसाच रोलर करून घेतला. संध्याकाळी दार बसले. तो रोलर किती टिकेल आणि मुलांच्या दारात असा घरगुती तुकडा असावा का, हे प्रश्न आम्हालाही पडतात. पण त्या दिवशी दुसरा मार्ग काय होता?

सभासदांकडे तीन-चार कंपन्यांच्या व्हॅन आहेत. दुखणे सामायिक असल्याने कुणा एकीचे नाव इथे घेत नाही. सर्व कंपन्यांना आमची पहिली मागणी अशी: दाराचे रोलर, कुलपाचा खटका, खिडकीची काच उचलणारी यंत्रणा, सीटबेल्टचे बक्कल हे छोटे भाग सुटे विका आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांचा साठा ठेवा. ही मागणी नवी नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कारकंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देण्यावरून. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तो आदेश झाला त्या वर्षी आमच्या व्हॅनमध्ये पहिलीला बसलेली मुले आज कॉलेजात आहेत. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हे आम्हाला बिलात दिसले पाहिजे. काउंटरवर ‘जुना स्टॉक आहे’ हे उत्तर आता पुरे.

दुसरे दुखणे क्लचचे. सोसायटीच्या गेटपासून शाळेच्या गेटपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे क्वचित जाते, आणि शाळेसमोरच्या रांगेत पाय अर्ध्या क्लचवरच असतो. व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. त्यामुळे क्लच सेट बदलायचा म्हणजे गाडी वर घेऊन प्रोपेलर शाफ्ट सोडवा, मग गिअरबॉक्स खाली उतरवा. सामानाइतकीच मजुरी लागते आणि गाडी किमान एक दिवस उभी राहते. क्लच प्लेट ‘झिजणारा भाग’ म्हणून वॉरंटीबाहेर असते, ते आम्हाला मान्य आहे. अर्धा क्लच दाबून चालवणारा आमचाच पाय असतो. क्लच फुकट द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण गाडीच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळे सर्व्हिसिंग वेळापत्रक छापलेले असते आणि काउंटरवर ते पान कधी उघडले जात नाही. शालेय परवान्याच्या गाडीला तेच वेळापत्रक लागू करावे, तपासणी किलोमीटरवर न करता दर तीन महिन्यांनी करावी आणि तिचा दर आधीच ठरवून फलकावर लावावा.

गॅसचेही थोडे सांगायला हवे, कारण सीएनजीवर गाडी स्वस्तात पळते एवढेच पालकांना माहीत असते. सीएनजी कोरडा जळतो. व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, टॅपेट वेळेवर बघावे लागतात आणि प्लग पेट्रोलच्या गाडीइतके टिकत नाहीत. त्यात आमचीच एक चूक असते: पैसे वाचवायला पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची. पेट्रोलचा पंप टाकीत बुडलेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवते. टाकी कोरडी राहिली की पंप जळतो, आणि वाचवलेले सगळे पेट्रोल एका बिलात जाते. या वर्षी प्रत्येक सभासदाला किमान पाव टाकी पेट्रोल ठेवायला सांगितले आहे.

गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. ही मुदत वाढवा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. सिलिंडर मुलांच्या पाठीमागेच असतो. पण टेस्टसाठी सिलिंडर रिकामा करून काढायचा, केंद्रावर पोहोचवायचा, रांगेत ठेवायचा आणि परत बसवायचा, यात शाळेचे दिवस बुडतात. पासिंगचेही तेच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते, पुढे दर वर्षी नवे घ्यावे लागते. तारीख पहिल्या नोंदणीवर अवलंबून, म्हणजे ती कुणाची फेब्रुवारीत येते तर कुणाची ऐन सहामाहीत. पासिंगआधी डेंटिंग-पेंटिंग, पिवळी पट्टी, रिफ्लेक्टर, स्पीड गव्हर्नरचे प्रमाणपत्र, अग्निशामकाचे रिफिल ही सगळी कामे आलीच. त्या दिवसांत पर्यायी गाडी आम्ही खिशातून लावतो, आणि ती चालवणारा अनोळखी असतो. आई मुलाला दारातून परत घरात नेते. तिचे चुकत नाही.

मा. आयुक्तांकडे म्हणून आमची मागणी: 15 एप्रिल ते 10 जून या काळात शालेय व्हॅनसाठी पासिंगची खास शिबिरे घ्यावीत, हायड्रो टेस्टच्या केंद्रांना त्या काळात जादा वेळ चालवायला सांगावे, आणि सुट्टीत आधी येऊन तपासणी करून घेणाऱ्याची मुदत जुन्या प्रमाणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून मोजावी. आज लवकर येणाऱ्याचे महिने बुडतील या भीतीने कुणी लवकर येत नाही. सरकारने मनात आणले तर मुदतीचे गणित बदलता येते. कोरोनाकाळात कागदपत्रांची वैधता टप्प्याटप्प्याने 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत वाढवली होती. त्याच काळात आम्हाला हेही कळले की उभी गाडीसुद्धा खर्च करते. बॅटऱ्या गेल्या, टायर एका जागी बसले, उंदरांनी वायरिंग खाल्ले. हप्ते मात्र कुणी खाल्ले नाहीत.

आमच्यातले बहुतेक जण हा धंदा ओम्नीवर शिकले. 1984 मध्ये मारुती व्हॅन म्हणून ती रस्त्यावर आली, 796 सीसीचे इंजिन, मागे पाटे. सीट उचलली की इंजिन समोर, आणि रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत निम्मी दुखणी बरी होत. 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुरक्षिततेच्या नव्या निकषांत जुना सांगाडा बसला नसता आणि ते योग्यच झाले. नाकासमोर काही नसलेल्या गाडीत मुले बसवणे आज आम्हालाही नको वाटेल. तिची एवढीच आठवण ठेवतो की ती गल्लीतल्या फिटरच्या हातात राहायची. नव्या गाडीचे एअरबॅग, एबीएस आम्हाला हवेत. त्यासोबत डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागला तर त्याचा कोड वाचणारे यंत्र बाहेरच्या गॅरेजलाही विकत मिळू द्या.

शाळांच्या परिवहन समित्यांकडे आमचे मागणे थोडक्यात आहे. 2011 च्या शालेय बस नियमांनी भाडे आणि थांबे ठरवायचे काम तुमच्याकडे दिले आहे. अनेक शाळांत ही समिती कागदावरच आहे. बैठक बोलवा, आम्हालाही बोलवा. आमच्या मार्गावरचे थांबे मोजा आणि भाडे त्यांच्यावर ठरवा. दहा महिन्यांचे भाडे बारा महिन्यांत वाटून घ्या. विमा आणि हप्ता मे महिन्यातही असतो. गेटच्या आत वळायला जागा दिलीत तर क्लचचे आयुष्य वाढेल आणि मुलांचे रस्ता ओलांडणे सुटेल.

आता आमच्या बाजूचे. काही सभासद जादा मुले बसवतात, काही डुप्लिकेट ब्रेक लायनर घालतात, काही ऑइल बदलायला टाळाटाळ करतात. खर्च परवडत नाही हे त्याचे कारण असेल, समर्थन नाही. या मागण्यांसोबत संघटनेने ठरवले आहे की प्रत्येक व्हॅनमध्ये दुरुस्तीची वही राहील: कोणता भाग, कुठे बदलला, बिल किती. ती वही पालकांनी कधीही मागावी.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पासिंगच्या शिबिरांचे वेळापत्रक त्याआधी लागायचे असेल तर निर्णय मार्चअखेर व्हायला हवा. मा. आयुक्तांनी फेब्रुवारीत अर्ध्या तासाची वेळ द्यावी. आम्ही वह्या घेऊन येतो. दुपारी एक ते तीन सोडून कोणतीही वेळ चालेल. तेव्हा मुले सोडायची असतात.

आपले,
व्हॅनमालक व चालक,
सिंहगड रस्ता, धायरी, नऱ्हे, आंबेगाव