शिरस्त्राण म्हणजे भित्रेपणा नव्हे

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशी बास्क लोकांचा प्रदेश आहे. तेथे गावोगावी एक उंच भिंत दिसते. ती 'पिलोता' या खेळासाठी असते. एकाने चेंडू भिंतीवर मारायचा आणि परतलेल्या चेंडूचा जमिनीवर दुसरा टप्पा पडण्याआधी दुसऱ्याने तो पुन्हा भिंतीवर मारायचा. हा खेळ नुसत्या तळहाताने आजही खेळतात. चेंडू सुमारे १०५ ग्रॅमचा, टणक आणि कातड्याने मढवलेला असतो. म्हणून खेळाडू तळहातावर चिकटपट्ट्यांचे थर लावतात.

एकोणिसाव्या शतकात या खेळात 'चिस्तेरा' आली. ही विणलेली, बाकदार, लांबट टोपली हाताला बांधायची, तीत चेंडू झेलायचा आणि भिरकावायचा. हात त्याच गतीने फिरला, तरी टोपलीचे टोक खांद्यापासून दूर असल्यामुळे तेवढ्याच वेळात अधिक अंतर कापते. साहजिकच चेंडूचा वेग वाढतो. चिस्तेराने खेळतात त्या 'हाय अलाय' या प्रकारात १९७९ साली अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे होसे रामोन आरेतियो याच्या चेंडूचा वेग ताशी ३०२ किलोमीटर नोंदला गेला!

आता वही-पेन्सिल घ्या. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. या खेळातील सुमारे १२५ ग्रॅमच्या चेंडूत ताशी ३०२ किलोमीटर वेगाला सुमारे ४४० ज्यूल ऊर्जा असते. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने आला, तर सुमारे १२० ज्यूल. चेंडू हलका, पण ऊर्जा साडेतीन पटींहून अधिक!

तरीही या खेळात शिरस्त्राण आले ते १९६८ साली, चिस्तेरानंतर सुमारे शंभर वर्षांनी. माझा आक्षेप येथेच आहे. वेग वाढवणारे साधन आपण चटकन उचलतो. संरक्षण मात्र 'पुढे पाहू' म्हणून लांबवतो.

आपल्या रस्त्यांवर वेगळे काय घडते? ताशी १५ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार ताशी ६० किलोमीटरच्या स्कूटरवर बसला, की वेग चौपट होतो. पण त्याच्या शरीराची गतिज ऊर्जा सोळापट होते. डोक्याची कवटी मात्र तीच राहते. मागे बसणाऱ्यालाही हेच गणित लागू आहे.

तेव्हा शिरस्त्राण घालणाऱ्याला कोणी भित्रा म्हणून हसले, तर त्याच्यापुढे हे गणित मांडा. शिक्षकांनीही गतिज ऊर्जेचा पाठ शिकवताना ते फळ्यावर जरूर सोडवून दाखवावे.